जुन्या सायकलीचा कैवार

नव्या वस्तूचे कौतुक सर्वांनाच असते. जुन्या वस्तूचा कैवार घेणारा मात्र एक तर कंजूष ठरतो, नाही तर हट्टी. आमच्यावर हे दोन्ही आरोप आहेत. आमची माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटेची सायकल, आम्ही वापरलेलीच विकत घेतली आणि गेली नऊ वर्षे ती चालवीत आहोत. आमच्या घरी कोंकणी बोलतात. तीत जुन्याला ‘पोरणें’ म्हणतात, आणि घरची मंडळी आमच्या सायकलीस याच नावाने ओळखतात!

हा विषय आज काढण्यास कारण घडले. गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एक विद्यार्थी आपली सायकल शाळेच्या फाटकापासून दूर, पिंपळाआड लावून येई. विचारता कळले की, ती त्याच्या मोठ्या भावाची जुनी सायकल, आणि मित्र तीस हसतात. घरी त्याने नव्या सायकलीचा हट्ट धरला होता. वडील बिचारे हप्त्याने ती घेण्याच्या विचारात होते.

हसणाऱ्या मित्रांना आम्ही एक इतिहास सांगू इच्छितो. ज्या माउंटन बाइकचा आज एवढा तोरा, ती जन्मली जुन्या सायकलींतूनच. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन परगण्यातील काही तरुण १९७० नंतरच्या दशकात तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, रुंद टायरांच्या सायकली डोंगरावर नेत आणि कच्च्या रस्त्याने भरधाव खाली येत. उतरणीवर मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की, आतील ग्रीस जळून धूर निघे. प्रत्येक फेरीनंतर चाकाचा तुंबा उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. यावरून १९७६ साली सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीस ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, हे नाव पडले. पुढे १९७७ साली जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी नवा सांगाडा बांधला, आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या सायकलीच्या शर्यतीस स्थान मिळाले. जुने यंत्र उघडून पाहण्याची ज्यांना लाज वाटली नाही, त्यांनीच नवे यंत्र घडविले.

तथापि, जुने तेवढे सोने असे मात्र आमचे म्हणणे नाही. एकदा पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही बेळगावाहून जांबोटी, कणकुंबी असे करीत चोर्ला घाटाने गोव्यात उतरत होतो. पंधरा दिवस ब्रेकमधून खरखर ऐकू येत होती. ‘पुढे पाहू’ म्हणून आम्ही ती कानाआड केली होती. ओल्या उतरणीवर एका वळणाशी ब्रेकची मूठ थेट हँडलला टेकली, आणि सायकल काही थांबेना. पाय घासत आम्ही ती डोंगराच्या बाजूच्या मातीत घातली म्हणून बचावलो. गुडघे फुटले, बुटाचा तळ सुटला. ब्रेकची रबरे झिजून आतील लोखंड रिमला लागले होते. केरीच्या मिस्त्रीने ती पाहून एवढेच म्हटले, “सर, सायकल ओरडत होती, तुम्ही ऐकलं नाहीत.” दोष सायकलीच्या वयाचा नव्हता, आमच्या आळसाचा होता.

म्हणून आमचे मत असे की, जुनी सायकल वापरणाऱ्याने तिची निगा स्वतः शिकली पाहिजे. ही विद्या कठीण नाही. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवावी. बुडबुडे येतील तेथे छिद्र. चेनची परीक्षा तुमच्या दप्तरातील फूटपट्टीने होते. चेनच्या एका पिनीपासून दुसरीपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. म्हणजे चोवीस दुवे मोजले की नेमके बारा इंच भरले पाहिजेत. ते एक सोळांश इंचाने वाढले की चेन बदलावी. चालढकल केली तर सैल चेन दातेरी चक्रांचे दातही खाऊन टाकते, आणि लहान खर्चाचा मोठा होतो. सांगाड्यास चीर गेली असेल, तर मात्र काटकसरीचा विचार न करता ती सायकल बाद करावी.

त्या विद्यार्थ्यास आम्ही एका शनिवारी सायकल घेऊन बोलाविले. फूटपट्टी लावली, चेन एक अष्टमांश इंचाने लांबलेली निघाली. चेन, मागची चक्रे व ब्रेकची रबरे त्याने मिस्त्रीजवळ बसून स्वतः बदलली. हप्त्याची सायकल घरात आली नाही. मित्र अजून हसतात की नाही, हे आम्ही विचारले नाही. परंतु ती सायकल आता पिंपळाआड नसते, फाटकाशी आमच्या सायकलीशेजारी उभी असते.

विद्यार्थी मित्रांनो, नवी वस्तू घेण्यास पैसा लागतो, आणि तो बहुधा वडिलांचा असतो. जुनी वस्तू चालती ठेवण्यास लागणारे लक्ष व श्रम मात्र तुमचे स्वतःचे असतात. त्यांची लाज कशाला?