कारंजं पाहावं की नळ?

बालमित्रांनो,

आमची जिवती माणिकगडच्या डोंगरात वसली आहे. पावसाळ्यात इथं चहूकडे पाणीच पाणी, आणि उन्हाळ्यात मात्र हंडाभर पाण्यासाठी पायपीट! काही वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, एवढा पाऊस पडते, मंग पाणी जाते कुठं?"

तीच मुलगी यंदा बारावी झाली. परवा वडिलांना घेऊन घरी आली. हातात सात कॉलेजांची यादी होती. पहिल्या नंबरच्या कॉलेजचा फोटो तिनं मोबाइलवर दाखवला. हिरवीगार बाग, काचेची इमारत आणि मधोमध कारंजं!

"छान आहे गं. पण शिकणार काय?" मी विचारलं.

"जो विषय भेटन तो, मॅडम!"

मला हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. कारण बारावीनंतर मीही अशीच चुकले होते. मैत्रीण गेली म्हणून तिच्याच कॉलेजात नाव घातलं. विषयात मन रमेना. वर्ष वाया गेलं, मग डी.एड.ला आले. तेव्हा 'तुला काय आवडतं?' असं मला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून मी तिला तिचाच चौथीतला प्रश्न आठवून दिला. तिचे डोळे चमकले. मग आम्ही कागद घेऊन बसलो. पाण्याच्या या एका प्रश्नाला तीन वाटा फुटतात. पाणी अडवायचं, बांध आणि नळयोजना उभारायच्या, तर स्थापत्य अभियांत्रिकी. ही शाखा चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे. ते १९९६ साली सुरू झालं. शेतातली माती आणि ओल राखायची, तर कृषी. त्यासाठी १९६९ साली स्थापन झालेलं अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. आणि खडकाच्या पोटात पाणी कसं मुरतं हे शोधायचं, तर भूगर्भशास्त्र.

म्हणजे कॉलेजचा परिसर बघायचाच नाही का? बघायचा तर! पण आपल्या विषयाच्या नजरेनं. कृषी शिकणाऱ्याला शेत हाच वर्ग, म्हणून तिथं शेत बघा. अभियांत्रिकीत प्रयोगशाळा बघा. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारा. वसतिगृह आहे का, आणि गावाकडची शेवटची एस.टी. किती वाजता सुटते, हेही विचारा.

दुसऱ्याच आठवड्यात बापलेक एक कॉलेज बघून आले. मुलीनं मातीची तपासणी होते ती प्रयोगशाळा बघितली. वडील मात्र थेट वसतिगृहात गेले आणि त्यांनी नळ सोडून पाहिला! "पाणी हाय जी, मॅडम," ते समाधानानं म्हणाले. जिवतीचा माणूस दुसरं काय बघणार?

पालकांनो, खर्चाची काळजी मला कळते. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना २०२४-२५ पासून अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आपली मुलगी त्यात बसते का, ते अर्ज भरण्याआधीच विचारून घ्या. राहण्याजेवणाचा खर्च वेगळा असतो, तोही मांडा.

आणखी एक लक्षात ठेवा. अभियांत्रिकीच्या प्रवेशात पसंतीक्रमाला फार महत्त्व असतं. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरची जागा मिळाली, तर तीच घ्यावी लागते. म्हणून खरोखर जिथं जायचं आहे, तेच पहिलं लिहा.

आमच्या मुलीची यादी आता बदलली आहे. कारंज्याचं कॉलेज सातवं झालं! कारंजं वाईट म्हणून नव्हे. तिला हवी ती शाखाच तिथं नव्हती. प्रवेश कुठं मिळतो ते अजून कळायचं आहे. पण आता 'जो भेटन तो' असं ती म्हणत नाही.

छोट्या दोस्तांनो, तुमची बारावी अजून लांब आहे. तोवर एक करा. वहीच्या शेवटच्या पानावर तुम्हाला सतत पडणारा एक प्रश्न लिहून ठेवा. पान फाडू नका हं! पुढं कॉलेज निवडताना ते उपयोगी पडेल.

तुमच्या मॅडम