भाड्याच्या वहीत आपला हिशेब

स्वतःचे घर की भाड्याचे, हा प्रश्न जुन्या घराण्यांना नवा नाही. आता तो हिशेबाच्या वहीबाबत आला आहे. पूर्वी दुकानदार हिशेबाचे सॉफ्टवेअर एकदाच विकत घेई आणि खतावणी त्याच्याच संगणकात राही. क्लाउडमध्ये सॉफ्टवेअरही परक्याच्या संगणकात आणि वहीही तिथेच. आपण वर्गणी भरायची आणि इंटरनेटवरून ती उघडायची.

यात फायदा नाही असे मी म्हणणार नाही. विकत घेतलेले सॉफ्टवेअर मालमत्तेत धरावे लागते, आयकरात त्यावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. वर्गणी मात्र सबंध त्याच वर्षीच्या खर्चात पडते. सर्व्हर नको, तो सांभाळायला माणूस नको. म्हणूनच २०२२ साली केंद्राने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी मंजूर केले, तेही क्लाउडवरच्या सामायिक सॉफ्टवेअरसाठी.

पण किल्ली कोणाकडे? जुलै २०२४ अखेरीस सी-एज या एकाच कंपनीवर सायबर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि तिच्यावर विसंबलेल्या सुमारे ३०० लहान बँकांची पेमेंट सेवा तात्पुरती तोडावी लागली. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँकाच जास्त. चोर एका घरात शिरला, अंधार सगळ्या वाड्यात! जुलै २०२५ मध्ये तर युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीची सेवाच थांबवली. पैसे पूर्ण भरलेले आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, मग सेवा सुरू झाली. एवढ्या मोठ्या तेल कंपनीची ही गत, तर कॅसलरॉकच्या किराणा दुकानदाराने कोणत्या कोर्टाची पायरी चढायची? आपल्या घाटात पावसाळ्यात लाइन गेली की वही तशीही बंदच.

तेव्हा पतसंस्थांच्या संचालकांनी सही करण्यापूर्वी विचारावे: वर्गणी थकली तर आमच्या नोंदी किती दिवस ठेवणार? सोडून जाताना सगळा डेटा परत देणार का, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा स्वरूपात? पुढच्या वर्षीचा दर काय? सभासदाला पासबुक मराठीत छापून मिळेल का? (हा शेवटचा प्रश्न विक्रेत्याला आवडत नाही, म्हणून मुद्दाम विचारावा.) दरमहा एक प्रत संस्थेच्या कपाटात ठेवण्याचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडावा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.