‘पा’ इंगल्सला एकट्याच्या बळावर उभं करू नका

चार्ल्स इंगल्स शेतकरी म्हणून अपयशी ठरला, असं म्हटलं की लोक दुखावतात. मी हे दोन-तीनदा अनुभवलंय. ‘लिटल हाऊस’ची पुस्तकं लहानपणी वाचलेली माणसं ‘पा’बद्दल असं काही ऐकून घ्यायला तयार नसतात. दाढीवाला, फिडल वाजवणारा, एकट्याच्या बळावर रानात घर बांधणारा बाप. मलाही तो आवडतो. म्हणूनच त्याच्या नावावर जे खपवलं जातं त्याची मला चीड येते. सरकार नको, मदत नको, मेहनती माणूस आपलं आपण बघून घेतो, हा तो माल. अमेरिकेत तो पिढ्यानपिढ्या विकला गेला आणि आता आपल्या फोनवरच्या रील्समध्येही वेगळ्या वेष्टनात येतो.

आधी जमीन बघू. माणूस जन्मला 1836 मध्ये, न्यूयॉर्क राज्यात. वाढला इलिनॉय आणि विस्कॉन्सिनमध्ये. 1869 च्या सुमारास बायको-मुलींना घेऊन तो कॅन्ससमध्ये गेला आणि ओसेज लोकांच्या राखीव प्रदेशात घर बांधून बसला. त्या जमिनीवर त्याचा कायद्याने काडीचाही हक्क नव्हता. सरळ शब्दांत सांगायचं तर अतिक्रमण. तो एकटाच नव्हता, हजारो गोरे तसेच घुसले होते. सरकारने घुसखोरांना हाकललं का? 1870 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून उलट ओसेजांनाच दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात हलवायचं ठरवलं आणि ती जमीन वसाहतवाल्यांना एकरी सव्वा डॉलरने विकायला काढली. इंगल्स कुटुंब मात्र 1871 मध्ये परतलं, कारण विस्कॉन्सिनचं घर ज्याने विकत घेतलं होतं त्याला पैसे फेडता आले नाहीत. पुढे मिनेसोटात ज्या प्लम क्रीकच्या काठी ते राहिले, तो मुलूख डकोटा लोकांनी 1851 च्या तहात सोडलेला. 1862 च्या युद्धानंतर त्यांना राज्यातूनच हुसकलं गेलं. त्या डिसेंबरात मॅन्केटो गावी 38 जणांना एकाच वेळी फाशी दिली होती. ‘मोकळं रान’ हे असं मोकळं झालं होतं. सैन्य, तह आणि संसद यांनी ते रिकामं करून दिलं, मग त्यात एकटा माणूस शिरला.

त्याच 1862 सालचा होमस्टेड कायदा तर उघडउघड सरकारी वाटप. थोडी फी भरा, पाच वर्षं राहा, कसा, साक्षीदार आणा, 160 एकर तुमचे. या कायद्याखाली एकूण सुमारे 27 कोटी एकर जमीन वाटली गेली. आपल्याकडे याला योजना म्हणतात आणि लाभार्थ्यांची यादी लागते.

आता टोळधाड. 1873 पासून चार-पाच वर्षं रॉकी माउंटन टोळांनी मिनेसोटापासून टेक्ससपर्यंत शेतं साफ केली. उभा गहू जायचाच, पण टोळ जमिनीत अंडी घालून जात, म्हणजे पुढच्या वर्षाचं पीकही आधीच गेलेलं. चार्ल्स कापणीची मजुरी शोधत पूर्वेकडे पायी गेला. पुस्तकात हे सगळं आहे आणि फार चांगलं लिहिलंय. पुस्तकात नाही ते असं, की 1875 च्या हिवाळ्याच्या तोंडावर त्याने आपण पूर्ण निष्कांचन आहोत अशा कागदावर सही केली आणि मदतीतून पिठाची दोन छोटी पिंपं घेतली. पोरांना खायला घालायचं होतं, घेतली. मला यात लाजण्यासारखं काहीच दिसत नाही. ज्यांना दिसलं त्यांनी ते वगळलं.

वगळलेलं आणखी बरंच आहे. 1876 मध्ये शेत विकून ते निघाले. वाटेत नऊ महिन्यांचा मुलगा, फ्रेडी, गेला. मग आयोवातलं बर ओक गाव, तिथे एका हॉटेलात कामं. शेवटी भाडं थकलं आणि रात्रीच्या अंधारात गाडी जोडून कुटुंबाने गाव सोडलं. लॉराने आपल्या मूळ आठवणींत हे लिहून ठेवलं होतं, त्या 2014 मध्ये ‘पायोनियर गर्ल’ म्हणून छापल्या गेल्या. मुलांच्या मालिकेत मात्र बर ओकही नाही आणि फ्रेडीही नाही.

मेरीचं प्रकरण मला सगळ्यात जास्त खुपतं. 1879 मध्ये आजारपणात तिची दृष्टी गेली. 1881 मध्ये ती आयोवातल्या व्हिंटनच्या अंधशाळेत दाखल झाली. पुस्तकं वाचून वाटतं की घरच्यांनी, विशेषतः लॉराने, पै-पै साठवून तिला शिकवलं. लॉराने कष्ट केलेच. पण तिथला शिकण्या-राहण्याचा खर्च डकोटा टेरिटरीच्या सरकारने उचलला होता. करदात्यांच्या पैशांतून एका अंध मुलीला शिक्षण मिळालं. अमेरिकेला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट, आणि तीच गाळली!

हे आपोआप घडलं नाही. पुस्तकांवर हात फिरवला लॉराच्या मुलीने, रोझ वाइल्डर लेनने. ती कसलेली लेखिका, आणि रूझवेल्टच्या ‘न्यू डील’चा तिला मनापासून तिटकारा. मंदीत लाखो लोक सरकारी मदतीवर जगत होते, त्याच 1932 ते 1943 या काळात ही मालिका निघाली. रोझचा वारस रॉजर मॅकब्राइड 1976 मध्ये लिबर्टेरियन पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा होता. आणि टीव्हीवरच्या ‘लिटल हाऊस’ मालिकेच्या निर्मितीमागेही हाच गृहस्थ. म्हणजे आजोबांची गोष्ट नातीने घडवली, तिच्या वारसाने पडद्यावर नेली, आणि पिठाची पिंपं काही सापडली नाहीत.

कुणी म्हणेल, अहो, मुलांची पुस्तकं आहेत, कादंबरीला सातबारा कशाला मागता? मागत नाही. पण कादंबरी धोरणाचा पुरावा म्हणून पुढे केली जाते, तेव्हा कागद तपासावेच लागतात. शिवाय या खोट्या कौतुकात सगळ्यात जास्त नुकसान चार्ल्सचंच होतं. मेहनत केली की यश मिळतं हे मान्य केलं, तर ज्याला यश मिळालं नाही त्याने मेहनत केली नाही असाच अर्थ निघतो. या माणसाने काय करायचं बाकी ठेवलं होतं? रेल्वेवर नोकरी केली, सुतारकाम केलं, 1880-81 च्या त्या भयंकर हिवाळ्यात, महिनोन् महिने आगगाडी बंद असताना, घर जगवलं. डी स्मेट गावाजवळच्या 160 एकरांचा कागद 1886 मध्ये हातात आला. पुढच्याच वर्षी त्याने गावात घर बांधलं आणि काही वर्षांत शेत विकून टाकलं. त्या भागात पाऊस बेभरवशाचा. तिथेच लॉरा आणि तिच्या नवऱ्याचीही शेती बुडाली आणि 1894 मध्ये ते मिसूरीला निघून गेले. तीन पिकं ओळीने गेल्यावर कुणाच्या चारित्र्याने गहू उगवत नाही.

8 जून 1902 रोजी, वयाच्या 66व्या वर्षी, हृदयविकाराने चार्ल्स गेला. ज्या टोळांनी त्याला मिनेसोटातून उठवलं, त्यांचा शेवटचा जिवंत नमुना त्याच साली कॅनडात मिळाला. त्यानंतर ती जातच नाहीशी झाली. मागे उरल्या कॅरोलिन आणि मेरी. गावातलं घर होतं, शेत नव्हतं. दोघींनी खोल्या भाड्याने दिल्या आणि त्यावर घर चालवलं.