मुलांना कबड्डी खेळू द्यावी का? पालकांची भीती रास्त, पण प्रश्न थोडा वेगळा विचारायला हवा

भातकापणी उरकली की महाड-पोलादपूरच्या वाड्यांमध्ये कबड्डीची मैदानं आखली जातात. रात्री हॅलोजनच्या उजेडात सामने रंगतात. त्यात शाळकरी मुलंही उतरतात. बाहेर बसलेल्या आईच्या मनात मात्र एकच विचार असतो, पोरगं धड घरी येईल ना?

ही भीती उगाच नाही. कबड्डीत धडक आहे, पकड आहे, अंगावर चार-पाच जण पडणं आहे. पण ‘खेळू द्यावं की नाही’ यापेक्षा ‘कुणाशी, कशा मैदानावर आणि कुणाच्या नजरेखाली खेळतोय’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

मग खेळ बंदच का करू नये?

कारण खेळातून मिळणारंही मोठं आहे. व्यायाम, शिस्त, मोबाइलपासून सुटका हे तर आहेच. शिवाय राज्यात शासकीय नोकऱ्यांमध्ये पात्र खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून गावच्या पोरांना या खेळात करिअरही दिसू लागलं. घरून बंदी घातली, तर मूल लपून खेळतं आणि लागलं तरी सांगत नाही. ते जास्त धोक्याचं.

दुखापत नेमकी कुठे होते?

गुडघा, घोटा, खांदा आणि बोटं ही नेहमीची ठिकाणं. गुडघ्यातला लिगामेंट तुटला तर अनेक महिने मैदान सुटतं. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा भाग असतो. तिथे मार बसला की ‘मुरगळलं असेल’ म्हणून तेल चोळत बसणं चुकीचं, डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

सर्वात फसवा असतो तो डोक्याचा मार. पकडीच्या झटापटीत कुणाचा गुडघा डोक्याला लागतो. रक्त येत नाही, मूल उठून उभं राहतं, टाळ्या पडतात आणि खेळ पुढे सुरू होतो. पण आत मेंदूला हादरा बसलेला असू शकतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, डोळ्यांसमोर धूसर दिसणं, तेच तेच विचारणं, स्कोअर न आठवणं ही त्याची लक्षणं. स्कॅन नॉर्मल आला तरी असा हादरा बसलेला असू शकतो. तो बरा होण्याआधी दुसरा मार बसला, तर जिवावर बेतू शकतं.

इतर देशांनी काय केलं?

अमेरिकेत टॅकल फुटबॉलबाबत पालकांची हीच चिंता आहे. तिथल्या वॉशिंग्टन राज्यात डोक्याला मार लागलेला 13 वर्षांचा मुलगा त्याच सामन्यात पुन्हा उतरला आणि कायमचा अपंग झाला. त्यानंतर 2009 मध्ये तिथे कायदा आला. मेंदूला हादरा बसल्याची शंका आली तरी मुलाला लगेच बाहेर काढायचं आणि वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत उतरवायचं नाही. 2014 पर्यंत अमेरिकेतल्या सर्व राज्यांत असे कायदे झाले. खेळ मात्र सुरूच राहिला.

कबड्डीचे नियम काय सांगतात?

चढाईपटूचं तोंड दाबणं, गळा आवळणं, पायांची कात्री घालणं, दुखापत होईल अशी आडदांड पकड करणं नियमबाह्य आहे. हातपाय आणि धड सोडून मुद्दाम कुठे धरता येत नाही. नखं कापलेली हवीत. वयोगटाबरोबर वजनाची मर्यादाही असते. म्हणजे नियम आहेत, गावच्या मैदानावर पंचांची शिट्टी वेळेत वाजते का, हा खरा प्रश्न आहे.

पालकांनी काय विचारावं?

- मुलांचं वजन खरंच केलं जातं का? 40 किलोच्या मुलासमोर 60 किलोचा गडी नको.
- वजनात बसण्यासाठी मुलाला उपाशी ठेवलं जातंय का, पाणी तोडलं जातंय का?
- मैदानातले खडे वेचले आहेत का? माती भुसभुशीत केली आहे का?
- पडायचं कसं, पकड करताना डोकं कुठे ठेवायचं, हे आधी शिकवलं का?
- मुलाला बाहेर बसवण्याचा अधिकार कुणाला आहे? त्याचा शब्द अंतिम आहे का?
- प्रथमोपचार पेटी, बर्फ आणि तयार गाडी आहे का?

शेवटचा मुद्दा या भागात सर्वात मोलाचा. मदत लांब असते, हे तळीयेला कुणी सांगायला नको. 22 जुलै 2021 रोजी दरड कोसळली, तेव्हा पुरामुळे रस्ते बंद होते आणि एनडीआरएफची पथकं पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. एरवीही 108 ला फोन केल्यावर घाटरस्त्याने रुग्णवाहिका येईपर्यंत वेळ जातो. तोवर मूल मैदानावरच्या माणसांच्याच हवाली असतं.

शुद्ध हरपणं, वारंवार उलट्या, झटका येणं, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा हातापायातली ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठावं. मान दुखत असेल तर मुलाला ओढून उठवू नये.

चषक, साउंड आणि बॅनरवर मंडळं हौसेने खर्च करतात. त्यातला थोडा पैसा स्ट्रेचर आणि बर्फासाठी काढणं अवघड नाही. डोक्याला मार लागला की त्या दिवशीचा खेळ संपला, या नियमाला तर एक रुपयाही लागत नाही. तो सामन्याआधी माइकवरून जाहीर करावा आणि सामना कितीही अटीतटीचा झाला तरी पाळावा.