नंदीचा उतार आणि डिस्कचा हिशेब

रविवारी पहाटे हेब्बाळचा पूल ओलांडून देवनहळ्ळीकडे सुटणाऱ्या स्पोर्ट्स कार बंगळुरूला आता नवख्या नाहीत. बऱ्याच जणींची वाट नंदी टेकडीवर संपते, १,४७८ मीटर उंचीवर. वर पोहोचल्यावर चर्चा रंगते ती इंजिनाची. ब्रेक रोटरचे काम मात्र परतीच्या वळणांवर सुरू होते, आणि डिझाइनरने खरा हिशेब मांडायचा तो तिथलाच.

१,६०० किलोची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर सुमारे २५ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. त्यातला ७० टक्के भार पुढच्या चाकांनी पेलला आणि प्रत्येक डिस्कमध्ये दहा किलो बीड असले, तर एका थांब्यात तिचे सरासरी तापमान सुमारे १८० अंशांनी चढते. आता हीच गाडी पाचशे मीटर उतरवून पाहा. ७८ लाख ज्यूल, म्हणजे तसे तीन थांबे. यातला मोठा वाटा इंजिन ब्रेकिंग उचलते, शिवाय उष्णता बाहेर पडायला वेळही मिळतो, हे खरे. पण घाटात वेग कमी असतो, त्यामुळे डिस्कच्या पोटातल्या पंखांमधून हवा जेमतेम खेळते. सरळ ट्रॅकवर उत्तम ठरलेली डिस्क इथे तापून बसते ती यामुळेच.

म्हणून वजन घटवण्याच्या उत्साहाला आवर घालावा लागतो. बीड जड आहे, गंजतेही. पण त्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे ते उष्णता झपाट्याने पसरवते. मोटारसायकलींना आणि विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला गाड्यांना सोयीचे असणारे मार्टेन्सिटिक स्टेनलेस स्टील त्याच्या साधारण निम्म्यानेच उष्णता वाहून नेते. आर. व्ही. कॉलेजच्या अश्वा रेसिंगसारख्या संघांची हलकी गाडी त्यावर निभावते. दीड टनाच्या गाडीसाठी तोच कित्ता गिरवू नये.

जे. सी. रोडवर सुटे भाग घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला भोकांची डिस्क आवडते. जुन्या पॅडमधून निघणारा वायू बाहेर पडावा म्हणून भोकांची पद्धत आली होती. आजच्या पॅडना तिची गरज फारशी उरलेली नाही. कारखान्यातून भोकांसह येणारी डिस्क चाचण्यांतून गेलेली असते. साध्या डिस्कला मागाहून भोके पाडणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यात वस्तुमान जाते आणि प्रत्येक भोकाच्या काठाला तडा जायची जागा तयार होते. घाटात जाणाऱ्या गाडीला असे करून देऊ नये, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

डावी-उजवी डिस्कही पुष्कळदा वरच्या खाचा पाहून बसवली जाते. पाहायचे असतात ते आतले वक्र पंख. गाडी पुढे जाताना पंखाचे आतले टोक आधी आणि बाहेरचे मागून यायला हवे. उलट बसले, तर हवा ओढण्याची क्षमता घटते, आणि वरून कुणाला काही कळत नाही.

कार्बनची वाट विमानांकडून आली. १९७६मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या काँकॉर्डवर कार्बन ब्रेक होते. त्याच वर्षी गॉर्डन मरे यांच्या ब्राभम संघाने ते फॉर्म्युला वनमध्ये आजमावले. बंगळुरूच्या आकाशात २००१च्या जानेवारीत प्रथम झेपावलेल्या तेजससाठी कार्बन-कार्बन डिस्क पुढे डीआरडीओच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत घडल्या. रस्त्यावर हा प्रकार चालत नाही, कारण थंड असताना तो पकडच घेत नाही. २००१च्याच पोर्शे ९११ जीटी२मधली कार्बन-सिरॅमिक डिस्क त्यावर तोडगा ठरली: बिडाच्या निम्म्या वजनाची आणि थंडपणीही पकडणारी. मात्र निम्म्या वजनात तीच उष्णता मावायची, तर तापमान आणखी चढते. ती झळ पॅड आणि कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ओल शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते, आणि बंगळुरूचा लांबलेला पावसाळा ओल पुरवतच असतो.

तेव्हा संगणकावरच्या आकड्यांबरोबर डिस्कच्या कडेला उष्णतेने रंग बदलणाऱ्या पेंटचे तीन पट्टे ओढावेत, ४३०, ५६० आणि ६१० अंशांचे. गाडी माणसे-सामानाच्या पूर्ण वजनाने, वेगमर्यादा पाळून, नंदीवरून खाली आणावी आणि पायथ्याशी डिस्क निवाली की कोणता पट्टा फिरला ते लिहून ठेवावे.