हाड जुळवणारे औषध

नडगीचे हाड मोडले की ते जुळायला साधारण चार महिने लागतात. जखम उघडी असेल तर याहूनही जास्त. या हाडाच्या पुढच्या अंगाला जेमतेम कातडीचेच आवरण असते आणि खालच्या भागात रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. म्हणून ‘लवकर जुळण्यासाठी काही औषध द्या’ ही मागणी स्वाभाविक आहे. पण साध्या फ्रॅक्चरमध्ये ती पुरी करणारे खात्रीचे औषध आज तरी उपलब्ध नाही.

मोडल्या जागी आधी रक्त साकळते आणि सूज येते. मग कूर्चेचा मऊ सांधा तयार होतो, त्यात कॅल्शियम साठून तो कडक होतो आणि पुढे महिनोन्‌महिने हाड घासूनपुसून मूळ आकारात येते. औषधांचे प्रयत्न याच टप्प्यांवर झाले.

खनिजे काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले तर तिथे नवे हाड तयार होते, हे अमेरिकेतील मार्शल युरिस्ट यांनी 1965 मध्ये दाखवले. त्यातून हाड तयार व्हायला चालना देणाऱ्या बीएमपी या प्रथिनांचा शोध लागला. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नडगीची उघडी फ्रॅक्चर झालेल्या 450 रुग्णांचा समावेश होता. जखमेत बीएमपी-2 ठेवलेल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया कमी लागली आणि 2004 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मात्र 2011 च्या चाचणीत, हाडाची पोकळी कोरून रॉड बसवलेल्या रुग्णांत, हाड लक्षणीयरीत्या लवकर जुळले नाही. शिवाय हे औषध महाग आहे.

हाडे ठिसूळ झालेल्यांसाठीचे टेरिपॅराटाइड हे इंजेक्शनही आजमावले गेले. मनगट मोडलेल्या स्त्रियांच्या 2010 च्या चाचणीत रोज 20 मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांचे हाड सुमारे 7 आठवड्यांत जुळले, औषध न घेणाऱ्यांचे 9 आठवड्यांत. पण दुप्पट मात्रेने फरक पडला नाही, त्यामुळे निष्कर्ष डळमळीतच राहिला. ठिसूळ हाडांसाठीच्याच रोमोसोझुमॅब या दुसऱ्या औषधाने हाडाची घनता वाढते, नडगी जुळण्याचा वेग मात्र वाढला नाही. कांडवेल या वनस्पतीच्या लोकप्रियतेमागेही मोठ्या चाचण्यांचा आधार नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढावीच, पण कमतरता नसताना जास्त घेतल्याने हाड लवकर जुळत नाही.

वेग वाढवणे अवघड असले तरी अडथळे दूर करता येतात. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि नडगी उशिरा जुळते. मधुमेह आटोक्यात नसेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी सुरुवातीची आवश्यक सूज दबते, म्हणून त्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता दीर्घकाळ घेऊ नयेत. हाड नीट बसवून स्थिर ठेवणे, जखम स्वच्छ राखणे आणि सांगितले तेव्हा पायावर भार देणे यांवरच भर हवा. महागडी औषधे जुळता जुळत नसलेल्या हाडांसाठी, तज्ज्ञांच्या निर्णयाने, राखून ठेवणेच योग्य.