‘वजन उचलू नये’ लिहिण्याआधी

पनवेल परिसरातल्या फिजिओथेरपी क्लिनिकच्या बाकावर सकाळी दोन तऱ्हांच्या कंबरा शेजारी शेजारी बसलेल्या असतात. एक हार्बर लाइनने रोज सीएसएमटी गाठून दिवसभर खुर्चीत बसणारी. दुसरी बांधकामावर 50 किलोची सिमेंटची गोणी वाहणारी, नाहीतर कळंबोलीच्या लोखंड बाजारात राबणारी. दोघांच्याही हातात बहुतेकदा एकच छापील कागद पडतो : गुडघे छातीशी, मार्जारासन, भुजंगासन, दोन वेळा शेक. आणि तळाशी ठळक अक्षरांत ‘वजन उचलू नये’.

खुर्चीवाल्याचं त्यावर निभावतं. गोणीवाल्याने काय करायचं? उसण जरा उतरली की तो गोणीखाली हजर, कारण खाडा परवडत नाही. वजन तो उचलणारच आहे; प्रश्न एवढाच, की पहिल्यांदा आपल्यासमोर उचलणार की थेट साइटवर. ‘गादी सरकलीय’ हे शब्द कानी पडल्यावर तर तो उचलतो तेही श्वास रोखून, भीत भीत.

स्ट्रेचिंग की डेडलिफ्ट हा वाद जिममध्ये जेवढा रंगतो तेवढा पुराव्यात नाही. स्वीडनमध्ये 70 रुग्णांवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेडलिफ्टची तुलना कमी भाराच्या, हालचालीवर नियंत्रण आणणाऱ्या व्यायामांशी केली होती (हे निव्वळ स्ट्रेचिंग नव्हे, याची नोंद घ्यावी). दुखणं दोन्ही गटांत सारखंच उतरलं. रोजची कामं जमण्यात कमी भाराचा गट पुढे राहिला. त्याच संशोधकांचा पुढचा निष्कर्ष आपल्या जास्त उपयोगाचा आहे : ज्यांचं दुखणं मुळात कमी होतं आणि पाठीच्या स्नायूंचा दम चांगला होता, त्यांना डेडलिफ्ट मानवलं. म्हणजे भडकलेल्या कंबरेला आधी हलकी हालचालच हवी. पण तिथेच थांबणं हा अर्धा उपचार. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी जुनाट कंबरदुखीत व्यायामाला पसंती दिली आणि कंबरपट्टा व ट्रॅक्शन सरसकट देऊ नये असं सांगितलं. आपल्याकडे मात्र ट्रॅक्शनच्या टेबलाला रांग असते.

लघवीवरचा ताबा सुटणं, बैठकीचा भाग बधिर होणं, ताप, वजन घटणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं यांपैकी काहीही असेल तर व्यायाम बाजूला. मणक्याचा क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही.

बाकीच्यांना कमरेतून न मोडता खुब्यातून वाकायला शिकवा. पाठीला उभी काठी लावायची. डोकं, पाठ आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे. ते साधलं की 5 किलो आट्याची पिशवी, मग अर्धी बादली, मग भरलेली. दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलेलं नसेल तरच पुढची पायरी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी कमाल ओझं 55 किलो धरलं आहे. आपल्या क्लिनिकांत पिवळा रबरी पट्टा आणि 2 किलोचं डंबेल. मधलं अंतर रुग्णाने कुठे कापायचं?

तपासणीच्या फॉर्मवर व्यवसायापुढे ‘मजुरी’ एवढंच लिहून सोडू नका. किती किलो, किती उंचीवरून, दिवसातून किती वेळा, हे विचारा. आणि चिठ्ठीत ‘हलकं काम द्यावं’ ऐवजी ‘पंधरा दिवस 15 किलोपर्यंत’ असा आकडा घाला. मुकादमाला हलकं म्हणजे काय ते कळत नाही, किलो कळतात.